शिंपीणबाईचा आवाज

४ फेब्रुवारी

काम मिळालं, आणि मोठं मिळालं. परक्या भाषेतली गुन्हेगारीची मालिका मराठीत येतेय आणि तिच्यातली मुख्य बाई मी बोलणार आहे.

इतकी वर्षं डबिंग करतेय, पण माझ्या वाट्याला आल्या त्या सगळ्या आया. दारात उभं राहून 'जपून जा रे' म्हणणाऱ्या, तिसऱ्या भागात खोकायला लागणाऱ्या आणि पाचव्यात भिंतीवरच्या फोटोत जाणाऱ्या. रडण्यात माझा हात कुणी धरणार नाही. नायिकेचं रडू जमलं नाही तर तेवढ्यापुरतं मला बोलावतात. म्हणजे माझे हुंदके मोठमोठ्या नट्यांच्या तोंडून बाहेर पडलेत, फक्त ते कुणाला माहीत नाही.

ही बाई वेगळी आहे. बंदरापाशी तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. मालिकेत तिला धड नाव आहे, पण स्टुडिओत आम्ही शिंपीणबाईच म्हणतो. चोराचिलटांचे कोट शिवून देते आणि अस्तराच्या आत काय आहे ते विचारत नाही. एकुलता एक मुलगा पोलिसात आहे.

घरी येऊन आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं. त्या म्हणाल्या, "यात तरी तू मरणार नाहीस ना?"

म्हटलं, अजून सगळे भाग आलेले नाहीत.

"मरायची असशील तर आधी सांग. मग मी जीव लावणार नाही."

११ फेब्रुवारी

गुपित फुटू नये म्हणून मूळ मालिकेवाले एकेक भाग पाठवतात. एक आमचा होऊन गेला की दुसरा. पुढे काय होणार ते आम्हालाही ठाऊक नसतं. काचेच्या खोलीत उभं राहायचं, कानात मूळ नटीचा आवाज, समोर पडद्यावर तिचे ओठ, आणि ते मिटले की आपले मिटले पाहिजेत. जाण्याआधी केळं खाते, कारण पोट गुरगुरलं तर माइक तेही उचलतो.

ही मालिका सांगण्याची तऱ्हाच निराळी आहे. खून दाखवतच नाहीत. शिंपीणबाई बटण लावत असते, शेजारच्या खोलीत खुर्ची पडल्याचा आवाज होतो, तिची सुई क्षणभर थांबते आणि परत चालू लागते. झालं. आपण आपलं समजून घ्यायचं.

बाहेर एक अक्षर बोलणार नाही अशी सही देऊन आलेय. आणि रोज संध्याकाळी आईंना सगळं साग्रसंगीत सांगतेय. त्याला कारण आहे. हे बोटीवर, सहा-सहा महिने येत नाहीत. घरात आम्ही दोघीच. दिवसभर दुसऱ्यांचं बोलून आले की मला तोंड उघडावंसं वाटत नाही, घसा जपायचा असतो. आई म्हणायच्या, "जगाला सून बोलताना ऐकू येते, मला तेवढी मुकी मिळाली." हल्ली मात्र मी आल्या आल्या त्या गॅस बंद करतात, खुर्ची ओढतात आणि म्हणतात, "हं. सुई थांबली. पुढे?"

१९ फेब्रुवारी

आज मी माझ्यावर खूश आहे.

टोळीच्या ड्रायव्हरने नको ते पाहिलंय, आणि टोळी त्याच्या मागावर आहे. शिंपीणबाईने त्याला दुकानाच्या मागच्या खोलीत, कपड्यांच्या पडद्याआड लपवलंय. चाळिशीचा, साधा, घाबरट माणूस. ती त्याच्यासमोर ताट ठेवते आणि विचारते, "जेवलास का?" मग तिच्याच लक्षात येतं की ताट तर आपण आत्ता ठेवलं. एवढाच प्रसंग आहे.

मूळ नटी हे वाक्य अगदी कोरडं बोलते. बस सुटली का असं विचारावं तसं. मला तिची कीव आली. एवढा सोन्यासारखा प्रसंग आणि बाईने मातीत घातला! मी तो उचलला. आधी एक हलका श्वास घेतला, 'जेवलास'वर जरा थांबले आणि 'का' ओलं केलं. काचेपलीकडे आमचे दिग्दर्शक (माझ्याहून खूप लहान, तरी मी त्यांना सर म्हणते आणि ते मला ताई) डोळे पुसत होते. म्हणाले, "ताई, मूळ नटीपेक्षा भारी."

घरी येऊन आईंना तसंच म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, "फारच चांगली बाई दिसतेय. एवढं चांगलं कुणी असतं का?" कौतुक करताना यांच्या जिवावर येतं, ही जुनीच गोष्ट आहे.

२८ फेब्रुवारी

सहावा भाग आला. आणि मी अशी तोंडघशी पडले आहे की विचारू नये.

ड्रायव्हरचा ठावठिकाणा टोळीला शिंपीणबाईनेच सांगितला होता. त्यांनी तिच्या मुलाचं नाव घेतलं, आणि तिने मुलगा वाचवला. कधी? तर ते ताट ठेवायच्या आधी. सहाव्या भागात तोच प्रसंग पुन्हा दाखवतात, आता ड्रायव्हरच्या बाजूने, पडद्याआडून. तेच ताट आणि तेच "जेवलास का?" आणि आता पाहणाऱ्याला कळतं की हे बोलताना तिला सगळं माहीत होतं. मूळ नटी दोन्ही वेळा तेच कोरडं बोलते आणि अंगावर काटा येतो. आमच्याकडे मात्र मी गळा काढून बसलेय. म्हणजे एक तर ही बाई ढोंगी ठरते, नाहीतर मूर्ख.

ती नटी कच्ची नव्हती. तिच्या हातात पूर्ण गोष्ट होती, माझ्या हातात पाच तुकडे. आणि मी तिच्या चुका दुरुस्त करायला निघाले होते.

तिकडच्या लोकांचा निरोप आलाय: पहिल्यापासून सगळं पुन्हा करा. मार्च संपेपर्यंत त्यांना पटलं नाही तर आवाज बदलणार. कुणाचा घेणार तेही ठरलंय, आमच्या कैदाशिणीचा. ही माझी मैत्रीण. जगातल्या एकूण एक दुष्ट बायका ती बोलते आणि घरी मुंगीसुद्धा मारत नाही, फुंकर घालून बाजूला करते. तिने स्वतः फोन केला. "अगं, मी नाही म्हटलंय. पण मी नाही म्हटलं तर तिसरीला घेतील. त्यापेक्षा तू कर ना नीट."

एवढं मोठं काम माझ्याकडे परत येणार नाही. हे गेलं की आहेच मग 'जपून जा रे'.

३ मार्च

आज पुन्हा पहिला भाग. म्हटलं, बाई काळ्या मनाची आहे ना, मग तशीच बोलू. आवाज खाली आणला, शब्द चावून बोलले. सर म्हणाले, "ताई, आता ती पहिल्याच प्रसंगात मांडीवर सुरा घेऊन बसल्यासारखी वाटते."

मग परत गोड केलं. म्हणाले, "आता परत आई झाली." आगीतून फुफाट्यात आणि फुफाट्यातून आगीत, दिवसभर हेच चाललं होतं.

घरी भांडी आवरताना "जेवलास का, जेवलास का" चालू होतं. आई भाजी चिरत निकाल देत होत्या. एकाला म्हणाल्या, "हिच्या हातचं मी पाणीसुद्धा पिणार नाही." दुसऱ्याला, "हिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटतं, जेवणार कधी?" मी चिडून विचारलं, मग कसं बोलू ते सांगा. तर म्हणाल्या, "मला काय माहीत. मी काय माणसं मारलीत?"

६ मार्च

नणंदबाईंचा फोन आला होता. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, येत्या आठवड्यात. नंतर महिनाभर तरी आईंनी येऊन राहावं असं त्यांना वाटतं. वाटणारच. त्या एकट्याच राहतात, आणि आई ती आईच.

मी आतल्या खोलीत होते, आईंचं बोलणं ऐकू येत होतं. "अगं आले असते गं. पण हिची तब्येत फार नरम आहे. घसा पार बसलाय, ताप येतोय, डॉक्टर म्हणाले एकटं ठेवू नका. तुझं जरा पुढे ढकलता येतं का बघ ना. ते मलम लावतेस का रात्री? लाव हं आठवणीने."

मी ठणठणीत! सकाळीच दोन मजले दळण घेऊन चढलेय!

संताप आला, पण त्याच्याही आधी माझे कान टवकारले, धंद्याची सवय. खोटं आणि मलम एकाच श्वासात आलं होतं. आवाज कुठे कापला नाही, ओलाही झाला नाही. उलट जास्त नीटनेटका झाला, पाहुणे यायच्या आधी खोली होते तसा. आणि मलमाची काळजी शंभर टक्के खरी होती, त्यात मला तसूभर शंका नाही.

८ मार्च

काल भांडले. म्हटलं, आई, लेकीच्या गुडघ्यापेक्षा काय एवढं महत्त्वाचं आहे इथे? त्यांनी चष्मा पुसला, परत लावला. "मला शिंपिणीचं काय होतं ते कळल्याशिवाय मी हलणार नाही. एकदा तुझं पास झालं, शेवट कळला, की जाईन."

"शेवट मी फोनवर सांगेन."

"फोनवर मजा नाही."

ऐकलंत? बाईंना पोटच्या पोरीपेक्षा मालिका प्यारी. नणंदबाईंनी ऑपरेशन खरोखर पुढे ढकललं. आणि या इथे रोज माझ्यासाठी गरम पाणी करतात, मी स्टुडिओतून पडेल तोंडाने आले की काही न विचारता खुर्ची ओढतात. गोष्टीची चटक लागली की माणूस काय काय करतं!

१३ मार्च

पुन्हा नापास. सर आता रागवतही नाहीत, हे वाईट लक्षण. म्हणाले, "ताई, पुढचा बुधवार शेवटचा ठेवूया."

आल्यावर आईंना सांगितलं. "म्हणजे अजून एक बुधवार आहे," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढली.

१५ मार्च

नणंदबाईंनी माझ्या तब्येतीची चौकशी करायला फोन केला. मला खोटं बोलता येत नाही, हे या घरात जगजाहीर आहे. मी "हॅलो" म्हणाले तेच मुळी भुतासारखं. मग खोकले, पण खोकला फोटोत जायच्या बेतात असलेल्या आईचा झाला. त्या घाबरल्याच. "अगं, एवढं झालंय? बोलू नकोस तू. आईला राहू दे तुझ्यापाशी. माझं काय, गुडघाच तर आहे."

आणि मग त्या बसल्या. फोन कानाला लावून खुर्चीत बसल्या असणार, कारण मी तो श्वास ऐकला. आधी धरलेला, मग दात मिटून थोडा थोडा सोडलेला. मी आयुष्यभर खोटे श्वास घेतलेत, खरा ओळखू येतो. त्या गप्पा मारत राहिल्या आणि मधे मधे हसतही होत्या.

फोन ठेवला आणि मला स्वतःची लाज वाटली. त्यांना आई हवी आहे आणि आई इथे माझ्या गोष्टीच्या पायात अडकून बसली आहे. खरं सांगून त्या जाणार नाहीत, हे मी बघितलंय. म्हणजे आता मलाच काहीतरी केलं पाहिजे.

१७ मार्च

केलं.

संध्याकाळी आले, चपला काढल्या, पिशवीतली भाजी ओट्यावर ठेवली. आईंकडे पाठच होती. म्हटलं, "पास झालं हो आमचं. दूध आणलंय का तुम्ही, की जाऊन येऊ?"

बाकी काही केलं नाही. भाजी निवडायला घेतली. छाती अशी उडत होती की माइकने ती नक्की उचलली असती.

 आई म्हणाल्या, "झालं? बरं झालं. दूध आहे." आणि उठून आत गेल्या. जरा वेळाने कपाटावरून बॅग काढल्याचा आवाज आला. तासाभरात बॅग भरली, लेकीला फोन झाला, उद्याच्या सकाळच्या बसचं ठरलंसुद्धा. मला वाटलं होतं, निदान दोन दिवस तरी घुटमळतील. काम झालं, निघाल्या. शेवट काय झाला तेही विचारलं नाही! गडबडीत विसरल्या असतील.

मनासारखं झालं तरी मला इतकं वाईट का वाटतंय, कळत नाही.

१८ मार्च

बसमध्ये बसवून आले. खिडकीशी उभं राहून मी पाण्याची बाटली घेतलीत ना, गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत ना, टोपी घाला, गार वारा लागेल, असलंच काहीबाही बोलत होते. जे बोलायचं होतं ते घशाशी आलं की मी आणखी एक बारीकसारीक विचारायची. उद्याचा बुधवार माझा शेवटचा आहे, तुम्ही असता तर बरं झालं असतं, हे सांगायचं होतं.

बस सुटताना त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या गालावर ठेवला. असं त्या करत नाहीत.

घर फार शांत आहे. स्वयंपाकघरात बोलून बघितलं, पण बरं वाटलं नाही.

१९ मार्च

पास झाले. खरोखरचं.

आज शिंपीणबाईच्या ओठांकडे बघताना मला तिचा राग नव्हता आणि कीवही नव्हती. त्या माणसाने जेवावं असं तिला मनापासून वाटतंय. आणि तिने त्याला विकलंय. दोन्ही एकाच वेळी खरं, आणि त्यातलं एकच बोलता येण्यासारखं आहे. म्हणून ती ताटाबद्दल बोलते. मी काल खिडकीशी उभी राहून बाटली आणि टोपीबद्दल बोलत होते, तशी.

मी नुसतं विचारलं, "जेवलास का?"

काचेपलीकडे कुणी डोळे पुसले नाहीत. सर खूप वेळ बटणाला हात न लावता बसून राहिले. मग म्हणाले, "ताई, पुढे चला." संध्याकाळपर्यंत पाच भागांतले सगळे अवघड प्रसंग झाले. तिकडच्यांनी लगेच ऐकून होकार कळवला. कैदाशीण पेढे, केक, जे मिळेल ते घेऊन आली आणि माझ्या गळ्यात पडून इतकी रडली की तिचंच रेकॉर्डिंग करावं.

घरी आले आणि दारातच लक्षात आलं. आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी, आणि ज्यांना सांगायची त्यांना मी ती परवाच सांगून बसले आहे. आता परत काय सांगणार? फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. एकटीच खुर्ची ओढून बसले.

२४ मार्च

ऑपरेशन शनिवारी नीट पार पडलं. आज नणंदबाई घरी आल्या. संध्याकाळी आईंचा फोन. "हिला झोप येत नाही, गुडघा ठणकतोय. मी हिला शिंपिणीची गोष्ट सांगत होते, पण मला तुझ्यासारखं येत नाही. तू सांग. फोन मधे ठेवते."

मी सांगितली. बंदर, दुकान, बटण, थांबलेली सुई. नणंदबाई मधे मधे "अगंबाई" म्हणत होत्या. ताट ठेवलं, आणि मी तिच्या आवाजात विचारलं, "जेवलास का?"

 मग आई म्हणाल्या, "हे झालं होय गं बुधवारी?"

मी चपापले. "कसलं?"

"पास. सोमवारी सकाळी म्हणालीस ना, बुधवार शेवटचा आहे, म्हणून शेगडीसमोर सराव करत होतीस. आणि संध्याकाळी येऊन म्हणतेस पास झालं. बुधवारच्या आधी?"

 सोमवारी सकाळी खरंच मी सराव करत होते. "मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत? गेलात कशाला?"

"गेले कारण तू इतकं छान खोटं बोललीस," आई म्हणाल्या. "लग्न होऊन आलीस तेव्हापासून बघतेय, तुला एक धड खोटं कधी जमलं नाही. फुटलेल्या कपाचा आळ मांजरावर घातलास तर तुझेच कान लाल. आणि त्या दिवशी भाजी ठेवलीस, दूध विचारलंस, आवाजाला कुठे सुरकुती नाही. म्हटलं, आता हिला जमलं. आता बुधवारी ही पास होणार, मी असले काय नि नसले काय. तुला जमेपर्यंत मला कसं हलता येणार होतं?"

मी म्हटलं, "मला वाटलं तुम्ही मालिकेच्या शेवटासाठी थांबलाय."

"मालिका कसली डोंबलाची," त्या म्हणाल्या. "मला त्या शिंपिणीचं तोंडसुद्धा माहीत नाही."

 मला हुंदका आला तो स्टुडिओतल्या हुंदक्यांसारखा नव्हता, चांगलाच बेसूर होता.  तेवढ्यात पलीकडून नणंदबाई म्हणाल्या, "अगं आई, म्हणजे हिला ताप आलाच नव्हता?"

 मग आईंचा आवाज आला, एकदम नीटनेटका. "तू आधी पाय उशीवर घे बघू नीट."

"घेतलाय," नणंदबाई म्हणाल्या. मी श्वास ऐकत होते. त्या रागावल्या होत्या, आणि आईचा हात त्यांनी सोडलेला नव्हता, कारण बांगडी फोनवर घासल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "सांग गं पुढे. त्याने खाल्लं का ते?"

मी डोळे पुसले आणि पुढचं सांगायला घेतलं.